मदत हवी आहे: घरी बांधायच्या ट्यूब गिटार ॲम्पची पॉवर किती वॉट ठेवावी?

कंपनसंख्या (धागाकर्ता)

नमस्कार. इलेक्ट्रिक गिटारसाठी ट्यूब (निर्वात नळी) वापरणारा ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, स्वतः बांधायला घेतला आहे. सोल्डरिंग येते, सर्किट वाचता येते, मल्टिमीटर हाताशी आहे. अडले आहे ते एकाच ठिकाणी. पाच वॉटचा करावा, पंधराचा करावा की थेट पन्नासचा, हे ठरत नाही. आणि ते ठरल्याशिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणारा) मागवता येत नाही, चेसिसला (धातूच्या सांगाड्याला) ट्यूबसाठी भोके पाडता येत नाहीत, म्हणजे सगळेच काम खोळंबले आहे. जिथे वाचावे तिथे वेगळा सल्ला दिसतो. मला स्वच्छ, क्लीन आवाज हवा आणि व्हॉल्यूम वाढवल्यावर पॉवर ट्यूबचे (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या ट्यूबचे) डिस्टॉर्शन, म्हणजे फाटलेला आवाजही हवा. कृपया थेट आकडा आणि त्यामागचे कारण सांगावे. ट्यूब चांगली की ट्रान्झिस्टर, हा वाद इथे नको.

तापता_तंतू

पहिलाच ॲम्प असेल तर पाच वॉटचा करा, दुसरा विचारसुद्धा करू नका. फेंडर कंपनीच्या चॅम्प ॲम्पचे ५एफ१ सर्किट घ्या: प्रीॲम्पला (सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाला) एक १२एएक्स७ ट्यूब, पॉवरला एक ६व्ही६ आणि रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारी ट्यूब) म्हणून ५वाय३, एवढ्यावर काम होते. सिंगल-एंडेड, म्हणजे एकाच पॉवर ट्यूबचा, असल्यामुळे फेज इन्व्हर्टर (दोन ट्यूबना एकमेकांच्या उलट सिग्नल देणारा टप्पा) लागत नाही, पॉवर ट्यूबची जोडी जुळवावी लागत नाही, आणि काही बिघडले तर शोधायला जागाच फार थोड्या असतात. शिवाय पाच वॉटचा ॲम्प घरातही व्हॉल्यूम पूर्ण उघडून वाजवता येतो आणि ट्यूबचा खरा आवाज तिथेच मिळतो.

घनगंभीर

वरच्या सल्ल्याशी मी अजिबात सहमत नाही. क्लीन आवाज हवा असे धागाकर्त्याने स्पष्ट लिहिले आहे, आणि क्लीन आवाजाला हेडरूम, म्हणजे आवाज फाटण्याआधीची शिल्लक ताकद, लागते. सहाव्या तारेवर जोरात स्ट्रोक मारला की सर्वांत जास्त ताकद खालच्या स्वरांना लागते. छोटा ॲम्प तिथेच आधी दबतो, स्ट्रोकची धार बोथट होते आणि कॉर्डमधले स्वर एकमेकांत मिसळतात. दोन ईएल३४ पॉवर ट्यूब लावून पन्नास वॉटचा करा. मोठ्या ॲम्पचा व्हॉल्यूम कमी करता येतो, पण छोट्या ॲम्पमध्ये जी ताकद मुळातच नाही ती कुठून आणणार?

मोजपट्टी

आकडा सांगण्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात. तुम्ही एकटे वाजवता की ड्रमरबरोबर? स्पीकर कोणता आहे, म्हणजे त्याचे ओहम, वॉट आणि सेन्सिटिव्हिटी किती? आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर (मेन्समधून ॲम्पला वीज देणारा) घेतला आहे की घ्यायचा आहे? यांतले एकही तुमच्या प्रश्नात नाही.

कंपनसंख्या

बहुतेक वेळा घरीच वाजवतो, आठवड्यातून एकदा ड्रमर आणि बास असे मिळून वाजवतो. स्पीकर १२ इंची, ८ ओहमचा, ३० वॉटचा आहे आणि त्याच्या कागदावर ९७ डेसिबल लिहिले आहे. ट्रान्सफॉर्मरचा इथे काय संबंध, ते कळले नाही. मी पॉवर किती ठेवावी एवढेच विचारले आहे.

मोजपट्टी

धन्यवाद. ९७ डेसिबल याचा अर्थ, १ वॉट दिला असता १ मीटर अंतरावर ९७ डेसिबल आवाज. पॉवर दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात आणि दहापट केली की १०. आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला ते १० डेसिबल लागतात. म्हणजे तुमच्या स्पीकरवर ५ वॉटला १०४, १५ वॉटला सुमारे १०९ आणि ५० वॉटला ११४ डेसिबल मिळतील. ५ आणि ५० यांच्यात एवढे रान उठते, पण कानाला फरक पडतो तो फक्त दुपटीचा.

आता घरचे पाहा. खोलीत ८० डेसिबल म्हणजे बऱ्यापैकी मोठा आवाज झाला, आणि तेवढ्यासाठी तुमच्या स्पीकरला वॉटचा पन्नासावा भाग, म्हणजे २० मिलिवॉट, पुरतात. त्यामुळे ५ वॉटचा ॲम्प घरात पूर्ण उघडून वाजवता येतो, या तापता_तंतू यांच्या विधानाशी मी सहमत नाही. १०४ डेसिबल हा घरातला आवाज नव्हे. १५ ऐवजी ५ वॉट घेऊन जेमतेम ५ डेसिबल कमी होतात. घरात पॉवर ट्यूब रेटायच्या असतील तर स्पीकरच्या आधी अटेन्युएटर (मधेच पॉवर शोषून घेणारा) लावावा लागेल, नाहीतर मास्टर व्हॉल्यूम (पॉवर ट्यूबच्या आधीचे आवाजाचे बटण) ठेवून प्रीॲम्पच्या डिस्टॉर्शनवर भागवावे लागेल. हे ५ वॉटलाही तितकेच लागू आहे.

ड्रमरचे गणित मात्र वेगळे. जोरात वाजणारा ड्रमसेट १०० डेसिबलच्या वर सहज जातो. त्याच्यासमोर ५ वॉट ऐकू येतील, पण क्लीन राहणार नाहीत.

तापता_तंतू

गणित बरोबर असेल, पण मी इतकी वर्षे चॅम्पवर घरीच वाजवतो आणि शेजारी कधी आले नाहीत. डेसिबल मोजून कोणी गिटार वाजवत नाही.

घनगंभीर

मोजपट्टी यांच्याच आकड्यांवरून माझे म्हणणे सिद्ध होते. ड्रमरबरोबर क्लीन हवे असेल तर ११४ डेसिबलची सोय हवीच.

मोजपट्टी

घनगंभीर, त्यांचा स्पीकर ३० वॉटचा आहे. ॲम्पवर लिहिलेले वॉट हे क्लिपिंग (लहरीची टोके कापली जाणे) सुरू होण्याच्या सीमेवर मोजलेले असतात. ॲम्प पूर्ण रेटला की लहर चौकोनी होत जाते आणि पॉवर त्या आकड्याच्या दुपटीच्या जवळ जाऊ शकते. पन्नास वॉटच्या ॲम्पला हा एकटा स्पीकर जोडला, तर त्याची व्हॉइस कॉइल (आतली तारेची गुंडाळी) जळायला फार वेळ लागणार नाही. नेमकी उलट काळजी घ्यायची असते: एकच स्पीकर असेल तर त्याचे वॉट ॲम्पच्या दुपटीइतके असावेत.

संधारित्र

मी थोडे वेगळे सांगतो. वॉटपेक्षा आवाज ठरतो तो कपलिंग कपॅसिटरवर (एका टप्प्यातून पुढच्यात सिग्नल नेणाऱ्या). प्रीॲम्पमध्ये ०.०२२ मायक्रोफॅरडचे चांगल्या प्रतीचे फिल्म कपॅसिटर वापरा, सिरॅमिक अजिबात नको. आणि सिलिकॉन डायोडऐवजी रेक्टिफायर ट्यूबच लावा. जोरात कॉर्ड मारला की व्होल्टेज क्षणभर बसते आणि हळूहळू वर येते; बोटांखाली जी लवचीक जाणीव होते ती त्यामुळेच.

जुना_रेडिओवाला

संधारित्र यांचे म्हणणे खोटे नाही, पण प्रश्न त्याचा नव्हता. मूळ मुद्द्यावर येतो. ट्रान्सफॉर्मरचा संबंध काय, असे धागाकर्त्याने विचारले आहे. पॉवर शेवटी येते ती तिथूनच. आपण जे वॉट मागता ते हाय टेन्शनचे (ट्यूबच्या प्लेटला लागणारे) व्होल्टेज आणि मिलिॲम्पिअर यांतून निघतात आणि ट्यूबचे फिलॅमेंट (आतली तार) तापवायला वेगळे ॲम्पिअर लागतात. आपल्याकडे पॉवर ट्रान्सफॉर्मर असेल तर त्यावरचे आकडे जसेच्या तसे लिहा.

कंपनसंख्या

ट्रान्सफॉर्मर आहेच. २५०-०-२५० व्होल्ट, १०० मिलिॲम्पिअर; आणि ६.३ व्होल्ट, ३ ॲम्पिअर. दुसरी वाइंडिंग (तारेची गुंडाळी) नाही. तो बदलायचा नाही, त्याच्यासाठी चेसिस कापून झाली आहे.

जुना_रेडिओवाला

मग अर्धे उत्तर आपल्याच टेबलावर होते. ईएल३४ च्या एका ट्यूबच्या फिलॅमेंटला १.५ ॲम्पिअर लागतात. दोन लावल्या की आपले ३ ॲम्पिअर संपले, प्रीॲम्पच्या ट्यूबसाठी काही उरले नाही. म्हणजे पन्नास वॉट बाद. ५एफ१ जसेच्या तसे बांधायचे तर ५वाय३ ला ५ व्होल्टची वेगळी वाइंडिंग लागते, ती आपल्याकडे नाही. डायोड लावले तर एकट्या ६व्ही६ चा ट्रान्सफॉर्मरवर पडणारा भार इतका हलका असतो की व्होल्टेज ३४० च्या आसपास जाईल. त्या ट्यूबची जुनी मर्यादा ३१५ व्होल्टची आहे. रेझिस्टर घालून ते खाली आणता येते, पण त्यात ट्रान्सफॉर्मरची निम्मी क्षमता वाया जाते.

राहता राहिली दोन पॉवर ट्यूब आळीपाळीने काम करतात ती पुश-पुल रचना, आणि हा ट्रान्सफॉर्मर नेमका तिच्याच मापाचा आहे.

तापता_तंतू

सिंगल-एंडेडचा आवाज पुश-पुलमध्ये येत नाही. दुसरा हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा) पुश-पुलमध्ये कटतो. एवढे तरी धागाकर्त्याला माहीत असू द्या.

मोजपट्टी

आउटपुट स्टेजमध्ये तयार होणारा दुसरा हार्मोनिक पुष्कळसा कटतो, हे खरे. पण प्रीॲम्पच्या ट्यूबमध्ये तयार झालेला कटत नाही, तो सिग्नलबरोबर पुढे येतो. आणि सिंगल-एंडेडच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून सतत डीसी वाहत असल्याने त्याच्या कोअरमध्ये (लोखंडी गाभ्यात) हवेची फट ठेवावी लागते. परिणामी तेवढ्याच पॉवरसाठी तो मोठा करावा लागतो. लहान घेतला की खालचे स्वर जातात. पुश-पुलमध्ये दोन्ही बाजूंचा डीसी एकमेकांना छेद देतो.

कंपनसंख्या

चर्चा चांगली आहे, पण मला आज ऑर्डर द्यायची आहे. पुश-पुल मान्य. ईएल८४ ची जोडी घेऊ की ६व्ही६ ची? आणि रेक्टिफायर ट्यूब बसेल का?

मोजपट्टी

दोन्ही जोड्या पंधरा वॉटच्या आसपासच्याच आहेत, पण तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर ६व्ही६ जास्त सोयीची पडेल. फिलॅमेंटचा हिशोब करा. ईएल८४ ला प्रत्येकी ०.७६ म्हणजे जोडीला १.५२ ॲम्पिअर, तीन १२एएक्स७ ला ०.९, बेरीज २.४२. त्यात ईझेड८१ ही रेक्टिफायर ट्यूब जोडली, जिला ६.३ व्होल्टवर १ ॲम्पिअर लागतो, तर ३.४२ होतात आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. डायोड लावून ईएल८४ चालवायच्या, तर व्होल्टेज ३३० च्या घरात जाते आणि त्या ट्यूबची मर्यादा ३०० ची आहे. ही मर्यादा ओलांडून चालणारे ॲम्प आहेत, पण तिथे ट्यूब लवकर संपतात.

६व्ही६ ला प्रत्येकी फक्त ०.४५ लागतात. जोडीचे ०.९, प्रीॲम्पचे ०.९ आणि ईझेड८१ चा १, एकूण २.८. ईझेड८१ मुळे व्होल्टेज तीनशेच्या खाली येईल. २८५ व्होल्टवर ६व्ही६ ची जोडी १४ वॉट देते असे तिच्या डेटाशीटमध्ये आहे. कॅथोड बायस (कॅथोडच्या रेझिस्टरने ट्यूबचा करंट ठरवणे) ठेवल्यास बारा धरा. पूर्ण जोरात करंट १०० मिलिॲम्पिअरच्या काठावर जाईल, पण गिटारचा सिग्नल सतत त्या पातळीवर राहत नाही.

संधारित्र

रेक्टिफायर ट्यूब मी सुचवली होती, ती शेवटी कामाला आली याचा आनंद आहे. एक आठवण करून देतो: रेक्टिफायरनंतरचा पहिला फिल्टर कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा ठेवू नका. ईझेड८१ ला त्यापेक्षा जास्त झेपत नाही.

घनगंभीर

बारा वॉट आणि पन्नास वॉट यांत ६ डेसिबलचा फरक आहे. ड्रमरसमोर तो जाणवेल, हे मी पुन्हा नोंदवून ठेवतो.

मोजपट्टी

जाणवेल, आणि त्यावर उपायही आहे. पुढे कधी १०० डेसिबलचा स्पीकर घेतला तर ३ डेसिबल तिथेच मिळतात, म्हणजे ॲम्पला हात न लावता पॉवर दुप्पट केल्यासारखे होते. वॉटच्या मागे लागणारे बरेच जण हा सर्वांत सोपा मार्ग विसरतात.

कंपनसंख्या

ठरले. ६व्ही६ ची जोडी, कॅथोड बायस, ईझेड८१. आउटपुट ट्रान्सफॉर्मर किती ओहमचा मागवू?

जुना_रेडिओवाला

प्रायमरी (ट्यूबकडची बाजू) प्लेट ते प्लेट ८ किलोओहम, सेकंडरी (स्पीकरकडची) ८ ओहम, १५ ते २० वॉटचा. दोन्ही कॅथोडना मिळून एक रेझिस्टर, २५० ओहम, ५ वॉटचा. त्यावर साधारण १९ व्होल्ट मिळतात का ते मोजा आणि प्रत्येक ट्यूबचे डिसिपेशन (उष्णतेत जाणारी पॉवर) १२ वॉटच्या आत आहे याची खात्री करा.

पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या वाटेत साठ-शंभर वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घाला. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा. तसाच प्रखर राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. चेसिसला अर्थिंग पक्के हवे. फिल्टर कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही तीनशे व्होल्ट राहतात, म्हणून पहिल्या कपॅसिटरला समांतर २२० किलोओहम, २ वॉटचा ब्लीडर (साठलेला चार्ज उतरवणारा) रेझिस्टर लावा आणि हात घालण्यापूर्वी दर वेळी मीटरने मोजा. आणि स्पीकर जोडल्याशिवाय सिग्नल कधीही देऊ नका. सेकंडरी उघडी राहिली तर प्रायमरीवर उसळणाऱ्या व्होल्टेजने आज मागवलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर पहिल्याच दिवशी जाऊ शकतो.