बेस गिटारमधला प्रीअँप : टू-बँड की थ्री-बँड?

चार तारा : माझी बेस गिटार जाझ बेस या मॉडेलच्या घडणीची, दोन पिकअपांची (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे भाग) आणि पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीविना चालणारी आहे. तिच्यात प्रीअँप (आवाज घडवणारे, बॅटरीवर चालणारे सर्किट) बसवायचे ठरले असून माझा कल टू-बँडकडे, म्हणजे बेस (खालचे स्वर) आणि ट्रेबल (वरचे स्वर) एवढेच कमी-जास्त करणाऱ्या प्रीअँपकडे आहे. १९७६ साली आलेल्या म्यूझिक मॅन स्टिंगरेचे बेस आणि ट्रेबल या दोनच नॉबांवर भागले आणि तो आवाज आजही लोक शोधत असतात. दोन्ही टोके थोडी चढवली की मिड (मधले स्वर) आपोआप मागे सरतो. मग त्याच्यासाठी वेगळा नॉब कशाला?

खर्जवाला : मागे सरतो खरा, पण पुढे आणायचा झाला तर काय करणार? मिड दबलेला आवाज घरी एकट्याने वाजवताना भरदार वाटतो, वाद्यवृंदात मात्र तोच हरवतो. खालच्या ई तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असल्याने लहान स्पीकरमधून तो धड उमटत नाही आणि कान तो ओळखतात ते मुख्यतः त्याच्या वरच्या हार्मोनिक्सवरून (मूळ स्वराच्या पटीतल्या स्वरांवरून). अशा वेळी बेसचा नॉब चढवल्याने ऑक्टोपॅडच्या ठोक्याशी गर्दी तेवढी वाढते. मिडचाही नॉब असलेला आणि त्याची फ्रिक्वेन्सी निवडता येणारा थ्री-बँड घ्यावा आणि ४०० ते ८०० हर्ट्झच्या दरम्यान किंचित चढवून पाहावे.

चार तारा : ते काम अँपवरचा (अँप्लिफायरवरचा) मिड करतोच.

खर्जवाला : अँप आपला असेल तर! पुष्कळ ठिकाणी डीआय बॉक्समधून (गिटारचा संकेत मिक्सरजोगा करणाऱ्या पेटीतून) थेट मिक्सरला जावे लागते.

जुनी तार : आपण दोघेही ९ व्होल्टची बॅटरी गृहीत धरता. पॅसिव्ह टोन नॉब ट्रेबल फक्त कापतो आणि लांब केबलमध्ये हरवणारा ट्रेबल प्रीअँपमुळे वाचतो, हे मला मान्य आहे. परंतु केबल जॅकमध्ये राहिली की बॅटरी रात्रभर उतरत राहते, आणि ऐन कार्यक्रमात ती संपली तर तीन बँडही कामाचे नाहीत. बायपास स्विच (प्रीअँप वगळून गिटार पॅसिव्ह चालवणारा) नसलेला प्रीअँप मी तरी बसवणार नाही.

चार तारा : बायपासचे पटले. पण माझ्या गिटारच्या नॉबांच्या प्लेटवर जॅक सोडून तीनच भोके आहेत. व्हॉल्यूम, ब्लेंड (दोन पिकअपांचे प्रमाण ठरवणारा) आणि बेस-ट्रेबलचा दुहेरी (एकावर एक बसवलेला) नॉब यांतच ती संपतात.

खर्जवाला : तिन्ही नॉब दुहेरी घेतले तर थ्री-बँडही त्यांतच बसतो. बायपासच्या टॉगलसाठी तेवढे एक भोक पाडावे लागेल.

चार तारा : लाकडाला हात लागणार नसेल, तर प्लेटला भोक पाडायला माझी हरकत नाही.