हजेरी ६७ टक्के दाखवतायत, परीक्षेचा फॉर्म अडकलाय. मदत हवी आहे

उंबरठा
बीव्हीएस्सीला (पशुवैद्यकीय पदवीला) आहे. हजेरी ६७ टक्के लागलीये, ७५ लागते. ऑफिसात म्हणतात फॉर्म भरता येणार नाही, डिटेन. मी रोज गेलेय हो! कुणी ऐकूनच घेत नाही, "नियम वरून आलाय" एवढंच म्हणतात. काय करू? कुणाला अनुभव असेल तर लगेच सांगा, वेळ नाहीये. अभ्यास कर, देवावर सोड वगैरे सल्ले प्लीज नकोत.

डॉ_गोठा
कितवं वर्ष? कुठला विषय? थिअरी की प्रॅक्टिकल? ७५ टक्के विषयवार बघतात, सगळ्याची मिळून गोळाबेरीज नाही. नुसतं ६७ सांगून काही कळत नाही.

झटपट
मित्रा, मेडिकल लाव. ओळखीचा डॉक्टर असेलच. आमच्या इंजिनिअरिंगला निम्मा वर्ग असाच सुटायचा.

उंबरठा
मित्रा नाही, मुलगी आहे. आणि मी आजारी नव्हतेच, तर मेडिकल कसलं लावू?
फर्स्ट इयर. अ‍ॅनाटॉमी. प्रॅक्टिकल.

डॉ_गोठा
झटपट, हा इंजिनिअरिंगचा प्रश्न नाही. खोटं सर्टिफिकेट सापडलं तर हजेरी राहते बाजूला आणि शिस्तभंगाची कारवाई सुरू होते. उद्या तिलाच जनावरांची सर्टिफिकेटं सही करून द्यायची आहेत. सुरुवातच खोट्यापासून कशाला?

झटपट
मी सुचवलं फक्त. चिडू नका काका.

हौशीवकील
पायरीपायरीने जा. युजीसीचे विद्यार्थी तक्रार निवारणाचे २०२३ चे नियम आहेत. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तक्रार लेखी द्यायची, समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. शिवाय माहिती अधिकारात मस्टरच्या प्रती मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मी हे दोन वेळा केलंय, वीजबिलाबाबत.

डॉ_गोठा
आणि फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे ते विचारलंत का?

उंबरठा
शुक्रवार.

डॉ_गोठा
आज बुधवार. वकीलसाहेब, तुमच्या ३० दिवसांत निकाल लागेल तिच्या बॅचचा.

हौशीवकील
प्रक्रिया ही प्रक्रिया असते.

तिसरीघंटा
अगं, सोपं आहे. महाराष्ट्रात पशुवैद्यकीयचं विद्यापीठ एकच आणि मुख्यालय नागपूरला. कॉलेजात हात जोडत बसू नकोस, थेट कुलसचिवांच्या नावाने पत्र दे, प्रत डीनना. माझ्या भाच्याचं असंच काम झालं होतं. मुंबईचं कॉलेज तर १८८६ चं, तिथल्या ऑफिसला असली प्रकरणं नवीन नाहीत. तू कुठल्या कॉलेजची?

उंबरठा
महाराष्ट्रात नाहीये मी. व्हीसीआयच्या, म्हणजे भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या, १५ टक्के कोट्यातून आले, दुसऱ्या राज्यात. कॉलेजचं नाव लिहीत नाही, सर लोक वाचत असतील.

तिसरीघंटा
हे आधी सांगायचं ना बाळा! एवढं टाइप केलं.

सेमिस्टरवाला
माझं वेगळंच मत आहे. व्हीसीआयची २०१६ ची नियमावली आली आणि सेमिस्टर जाऊन वार्षिक पद्धत झाली, तिथेच मुलांचं वाटोळं झालं. सेमिस्टरला चार महिन्यांत कळायचं आपण कुठे आहोत. आता वर्षभर कुणी विचारत नाही आणि शेवटी थेट डिटेन. आमच्या वेळी ऑस्टिओलॉजीच्या स्पॉटिंगला डोळे मिटून हाड हातात द्यायचे, नुसत्या स्पर्शाने डावं की उजवं सांगायचं. म्हशीचं स्कॅप्युला मी अजून...

डॉ_गोठा
वर्षभर कुणी विचारत नाही कसं? इंटर्नल असतात की मधे. हजेरी मात्र महिन्याच्या महिन्याला बोर्डावर लागायला हवी. लागत होती का गं?

उंबरठा
लागत असेल. मला ग्रुपमध्ये उशिरा घेतलं, आधीच्या नोटिसा दिसल्याच नाहीत. बोर्ड डिसेक्शन हॉलच्या बाहेर आहे. तिथे फॉर्मॅलिनने डोळे असे चुरचुरतात की कोणी थांबून वाचत नाही, अ‍ॅप्रन काढून पळतात सगळे. माझी चूक आहे ही, मान्य.

रानजाई
मी फायनलला आहे, टीव्हीसीसीला (कॉलेजच्या जनावरांच्या दवाखान्यात) ड्युटीवर, मधेमधे लिहितेय. दोन प्रश्न. एक, तुझी अ‍ॅडमिशन कितव्या राउंडची? दोन, रोल नंबर कधी मिळाला? नीट आठवून सांग, तारखेसकट.

उंबरठा
शेवटच्या राउंडची. वर्ग आधीच सुरू झाले होते. रोल नंबर बराच नंतर मिळाला, महिना तरी गेला असेल. का?

तिसरीघंटा
मग झालंच की! ज्या दिवशी अ‍ॅडमिशन त्या दिवसापासून हजेरी मोजायला पाहिजे. आधीच्या दिवसांची गैरहजेरी कशी लावतात? अन्याय आहे हा.

डॉ_गोठा
ऑफिस म्हणेल एवढे तास शिकवले, त्यातले एवढे तू बसलीस. अ‍ॅडमिशनच्या तारखेचं नियमात कुठे लिहिलंय ते दाखवता आलं तरच तो मुद्दा टिकेल. दोन दिवसांत नियमावलीचा कीस पाडायचा नसतो.

हौशीवकील
कीस पाडायलाच हवा. भारतीय पशुवैद्यक परिषदेचा १९८४ चा कायदा, त्याखालची शिक्षणाची नियमावली, त्याखाली विद्यापीठाचे अध्यादेश. ही उतरंड लक्षात घ्या. अध्यादेश नियमावलीच्या विरोधात असेल तर...

पदविकाधारक
१९८४ च्या कायद्याचं नाव निघालंच आहे तर कलम ३० पण वाचा. किरकोळ सेवा आम्ही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली देतो. पण गावात रात्री दोन वाजता गाय अडली की कोण जातं ते सगळ्यांना माहीत आहे. पदवीवाले हजेरीवरून रडतात, आमची हजेरी गोठ्यात लागते.

सेमिस्टरवाला
"देखरेखीखाली" हा शब्द तुम्हीच लिहिलात, तो सोयीने विसरू नका. वासरू आडवं असताना दावं लावून ओढलं आणि गर्भाशय फाटलं, अशा केसेस सकाळी आमच्याकडे येतात.

पदविकाधारक
सकाळी येतात कारण रात्री तुमचा फोन बंद असतो.

रानजाई
तुमचं भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या प्लीज, तिचा शुक्रवार आहे.
उंबरठा, ऐक. रोल नंबर मिळायच्या आधी तू प्रॅक्टिकलला बसत होतीस ना? मग तुझी हजेरी कुठे लागायची? छापील यादीत तुझं नाव नसणारच तेव्हा.

उंबरठा
हो, नव्हतं. डेमॉन्स्ट्रेटर सर यादीच्या खाली पेनाने लिहायचे. आम्ही चौघं होतो शेवटच्या राउंडचे. माझं आडनावही चुकीचं लिहिलेलं.

रानजाई
तेच शोधत होते. ऑफिसातल्या टायपिस्टने छापील रोल नंबरपुढचेच पी (हजर) मोजून कॉम्प्युटरवर चढवले असणार. खालची पेनाची नावं राहिली. आमच्या वर्गात दोघांचं असंच झालं होतं, एक मुलगा तर रोज पुढच्या टेबलाला असायचा. आत्ता डिपार्टमेंटला जा, मूळ मस्टर बघ. "माझी हजेरी वाढवा" असं चुकूनही म्हणू नकोस, एचओडींची मान लगेच नकारार्थी हलते. म्हण, "सर, सुरुवातीची पानं एकदा बघू का?" एकूण प्रॅक्टिकल किती झाली, कॉम्प्युटरवर किती लागली आणि पेनाने किती, हे तिन्ही आकडे लिहून घे.

डॉ_गोठा
बरोबर. आणि मस्टर हातात घेऊन फोटो काढायला जाऊ नकोस, त्यावरून वाद होतात. विचारून काढ.

माऊमाय
इथे बरेच व्हेट दिसतायत म्हणून विचारते. आमची मांजर परवापासून खात नाहीये, नुसती पलंगाखाली बसते. पोटाला मसाज करू का? वय सात.

झटपट
दही द्या.

डॉ_गोठा
दही नको, मसाजही नको. मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर यकृतावर ताण येतो, त्यात ती जाड असेल तर फारच लवकर. आजच दाखवून आणा. आणि कृपया वेगळा धागा काढा.

माऊमाय
जाड आहे हो. निघते.

भटकंती
उंबरठा, तू घरी सांगितलंस का गं? लिहिण्यावरून झोप नसल्यासारखं वाटतंय.

उंबरठा
नाही सांगितलं. बाबांनी नीटच्या दुसऱ्या अटेम्प्टला सुट्टी काढून मला शहरात ठेवलं होतं. एमबीबीएस मिळालं नाही तेव्हा पंधरा दिवस कोणी नीट बोलत नव्हतं. आता डिटेन सांगू? रात्री तीनला जाग येते, मग कसले तरी आकडे मोजत बसते.

भटकंती
सांग त्यांना. आज नाही तर उद्या, पण कॉलेजच्या पत्राआधी तुझ्या तोंडून कळू दे. हॉस्टेलच्या वॉर्डन मॅडम किंवा तुला नेमून दिलेले अ‍ॅडव्हायजर सर कोणी असतील तर त्यांच्याही कानावर घाल, सही लागेल तेव्हा तेच शेजारी उभे राहतात. आणि रात्री तीनला बोलायला कोणी हवं असेल तर टेलिमानसचा १४४१६ आहे. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलतात. मी एकदा केलाय फोन. बाईंनी उपदेश केला नाही, म्हणून बरं वाटलं.

सेमिस्टरवाला
आमच्या वेळी असलं काही नव्हतं, कट्ट्यावर चहा प्यायचो.

भटकंती
कट्ट्यावर कोण कोण नव्हतं, तेही आठवून बघा.

उंबरठा
मस्टर बघितलं!!!
एकूण प्रॅक्टिकल ११०. कॉम्प्युटरवर माझे ७४. म्हणून ६७. पहिल्या पानांवर खाली निळ्या पेनाने आमची चार नावं, माझं शेवटचं, आणि पुढे लाल पेनाने पी, पी, ए (गैरहजर), पी असं. अशी ११ प्रॅक्टिकल, त्यात ९ पी, २ ए. एक ए तर मला आठवतोय, बँकेत फीचा डीडी काढायला गेले होते.
७४ आणि ९ म्हणजे ८३. ११० पैकी ८३.

डॉ_गोठा
७५.४५. काठावर, पण आत. त्या अकरात आणखी एक ए असता तर ७४.५५ झाले असते. पुढच्या वर्षी लक्षात ठेव.

उंबरठा
ते नका सांगू आत्ता, पोटात गोळा येतो.
सर म्हणाले चूक दिसतेय, पण आडनाव वेगळं आहे, ही तूच कशावरून? बाकी तिघांना पण विचारलं. एकाचे तसेही ७६ होतायत, तो म्हणतो मला कशाला ओढतेस. दोघी येतायत.

रानजाई
आडनावासाठी अ‍ॅडमिशनची पावती जोड. त्यावर तारीख आणि बरोबर नाव दोन्ही असतं. ज्या डेमॉन्स्ट्रेटरनी पेनाने लिहिलं त्यांचीच सही घे, दुसऱ्या कोणाची नको. तो ७६ वाला येत नसेल तर राहू दे. मग एका पानाचा अर्ज: अमुक अमुक तारखांची ९ प्रॅक्टिकल मूळ मस्टरमध्ये आहेत, संगणकीय यादीत नाहीत, दुरुस्ती करावी आणि तोवर फॉर्म तात्पुरता स्वीकारावा. तारखा लिहिच. एचओडींमार्फत डीनना. दोन प्रती काढ, एकीवर इनवर्डचा शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नकोस. माझी ड्युटी आली, शिंग मोडलेली गाय आणलीये.

तिसरीघंटा
आणि अन्यायाचा मुद्दा पण लिही त्यात, अ‍ॅडमिशनच्या तारखेचा.

डॉ_गोठा
अजिबात नको. ८३ झाल्यावर त्याची गरजच उरत नाही. एका अर्जात दोन मुद्दे घातले की क्लार्क जो मुद्दा कमजोर असेल त्यालाच उत्तर देतो.

हौशीवकील
या एका बाबतीत मी डॉक्टरांशी सहमत आहे.

माऊमाय
दाखवून आणलं. दात किडला होता. सलाईन दिलंय. धन्यवाद.

उंबरठा
गुरुवार संध्याकाळ. डेमॉन्स्ट्रेटर सरांनी सही केली, वर म्हणाले तुझं आडनाव मी अजूनही चुकीचंच लिहिलं असतं. एचओडींची पण झाली. डीन सर परीक्षेसाठी बाहेरगावी आहेत, उद्या दुपारी येणार. इनवर्ड नंबर मिळाला, पोच माझ्याकडे आहे. पोर्टलवर माझ्या नावापुढे अजून लाल दिसतंय. ऑफिस साडेदहाला उघडतं, दहालाच दारात जाऊन उभी राहणार आहे. आईला सांगितलं. बाबांना ती सांगेल म्हणाली.

भटकंती
जेवून जा.

हौशीवकील
माहिती अधिकाराचा अर्ज मात्र टाकूनच ठेवा.