कोपरे जुळत नसतील तर आधी शिवण मोजा
गोधडीच्या नऊ तुकड्यांच्या ब्लॉकचे (तुकडे जोडून केलेल्या चौकोनाचे) कोपरे जुळत नाहीत म्हणून तुम्ही सगळं उसवताय, पण थांबा. २.५ इंचाचे ९ चौकोन पाव इंचावर शिवले की ब्लॉक साडेसहा इंच भरतो. शिवण अर्धं सूत (इंचाचा सोळावा भाग) जास्त गेली तर सव्वासहाच! माझंही बरेच दिवस तेच होत होतं. शिवण तपासायला दीड इंच रुंदीच्या ३ पट्ट्या जोडून मधली मोजा, नेमकी १ इंच यायला हवी.

दुसरं, इस्त्री. वरच्या-खालच्या ओळींच्या शिवणी बाहेरच्या बाजूला, मधलीच्या आतल्या बाजूला दाबा. मग ओळी जोडताना त्या एकमेकींत चपखल बसतात, अगदी बोटांना जाणवतं. इस्त्री मात्र फिरवू नका, उचलून ठेवा. नाहीतर चौकोन ताणले जातात.