खोडदच्या दुर्बिणीला गुरुत्वीय लहरी कशा कळल्या?

जुन्नरची_मीरा: आमच्या मळ्यातून खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची एक अँटेना दिसते. जून २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशालाच ताणणाऱ्या-आक्रसणाऱ्या लहरींच्या, बातमीत खोडदचं नाव आलं तेव्हा फार आनंद झाला होता. पण एक कोडं सुटत नाही. या लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेला ४ किलोमीटर लांबीच्या नळ्या आणि लेसर लागतात, औंढा नागनाथलाही तसंच होणार आहे. मग साध्या रेडिओ दुर्बिणीला हे कसं जमलं?

ध्रुव_पुणे: ताई, लायगोनं २०१५ साली टिपलेली लहर सेकंदाच्या अंशभरात येऊन गेली. खोडदच्या बातमीतल्या लहरींचं मात्र एकच आंदोलन पुरं व्हायला वर्षंच्या वर्षं जातात. त्यांच्यापुढे ४ किलोमीटर काहीच नाहीत, म्हणून पृथ्वीपासून पल्सार नावाच्या ताऱ्यांपर्यंतचं अंतरच मोजपट्टी म्हणून वापरतात.

मिलिसेकंद पल्सार म्हणजे सूर्याहून जड, पण जेमतेम एखाद्या शहराएवढे मृत तारे. १९८२ मध्ये सापडलेला पहिला तर सेकंदाला ६४२ वेळा फिरतो! फिरताना त्यांच्याकडून रेडिओ लहरींचे ठोके येत राहतात, आणि कुठला ठोका कधी पोचणार हे आधीच काढता येतं. मधलं अवकाश ताणलं किंवा आक्रसलं की ठोके किंचित मागेपुढे होतात. एकाच पल्सारचे ठोके चुकले तर कारणं अनेक असू शकतात. पण आकाशभरातल्या पल्सारच्या जोड्या घेतल्या आणि त्यांच्यातल्या कोनाप्रमाणे चुका एकमेकींशी जुळल्या, तर ती लहरींची खूण. ही जुळणी कोनाप्रमाणे कशी दिसेल याचा आलेख हेलिंग्ज आणि डाउन्स या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्येच काढून ठेवला होता.

रानवारा: भारताचा यात खरा वाटा किती? निकाल युरोपसोबत मिळून काढलेला, आणि युरोपकडे तर जवळपास २५ वर्षांच्या नोंदी होत्या.

ध्रुव_पुणे: आपल्या नोंदी साडेतीन वर्षांच्याच, तरी मोलाच्या. ताऱ्यांमधल्या पोकळीतले इलेक्ट्रॉन रेडिओ लहरींना उशीर करतात. वारंवारता निम्मी केली की उशीर चौपट. खोडदला ३०० ते ५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो ठळक दिसतो, आणि ३० अँटेनांचे गट पाडून त्याच वेळी वरच्या पट्ट्यातही निरीक्षण करता येतं. हा उशीर नीट वजा झाला नाही, तर लहरींची खूण त्यातच बुडून जाते. आपल्या लोकांनी हे काम किती चिकाटीनं केलंय, ते पोरांना आवर्जून सांगायला हवं.

विज्ञान_शिक्षिका: मी नववीला शिकवते. शोध पक्का झाला असं सांगू का?

ध्रुव_पुणे: ‘भक्कम पुरावा’ म्हणा, बाई. निकाल निव्वळ योगायोग नाही याची खात्री सिग्मामध्ये मोजतात, आणि पक्का म्हणायला ५ सिग्मा लागतात. युरोप-भारत गटाचा आकडा ३ च्या आसपास, अमेरिकेच्या नॅनोग्रॅव गटाचा साडेतीन ते चार. आकाशगंगांच्या मध्याशी एकमेकींभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या, हा उगम सगळ्यात संभवनीय वाटतो. विश्वाच्या अगदी आरंभीची एखादी घडामोडही असू शकते. सगळ्या गटांच्या नोंदी एकत्र करायचं काम चालू आहे, त्यातून आकडा वर जाईल अशी मला आशा आहे. आणि २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं, तेव्हा वर्ग घेऊन जा. ४५ मीटर व्यासाची ती तबकडी मुलांनी जवळून बघायलाच हवी.