राग खरा, पण रोख चुकतोय

'सत्तरीनंतर मताचा अधिकारच नको, म्हाताऱ्यांनी घरंही अडवली आणि पैसाही' हे कुणीतरी मांडलेलं मत मला मुळीच पटलं नाही. राग मात्र समजतो.

बाबा आणि मी दोघंही राज्य सरकारी नोकरीतले. त्यांना जुनी पेन्शन, महागाई भत्ता वाढला की तीही वाढते. मी १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेला, म्हणून मला ती नाही, नवी पेन्शन योजना. पगारातून दरमहा दहा टक्के कापले जायचे आणि शेवटी हाती काय पडेल ते बाजारावर. डोंबिवलीच्या वन बीएचकेचा हप्ता एकदा थकला, तेव्हा बाबांनी पासबुक गुपचूप माझ्यापुढे सरकवलं. मला मान वर करवेना.

पण ही तारीख बाबांनी ठरवली नव्हती, सरकारने ठरवली. जुन्या पेन्शनसाठीच्या मार्च २०२३च्या संपात गुडघ्याला पट्टा बांधून तेच माझ्यासोबत मोर्च्यात चालले. आणि १९८९ साली मतदानाचं वय २१वरून १८वर आलं, ती घटनादुरुस्ती एकविशीपुढच्यांनीच निवडून दिलेल्या संसदेने केली होती! थोरल्यांचं मत काढून तुमच्या घराचा हप्ता एका रुपयाने तरी कमी होणार आहे का? परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचं काय, हे मत मागायला येणाऱ्याला विचारा. बाबांनाही विचारायला लावतो.