वडिलांच्या नाडीचा ठोका चुकतो, पण ईसीजी सामान्य आला आहे. पुढे काय करावे?

प्रश्न (रावेर तालुका)
माझे वडील ६४ वर्षांचे असून आजही केळीच्या बागेत दिवसभर राबतात. दोन महिन्यांपासून त्यांना अधूनमधून छातीत फडफडल्यासारखे होते, ठोका चुकल्याचे जाणवते आणि पंधरा-वीस मिनिटांत सारे पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशी काढलेला ईसीजी सामान्य आला, त्यामुळे "उन्हाचा त्रास आहे" असे म्हणून आप्पा पुढील तपासणीस तयार नाहीत. त्यांना जळगावला हृदयरोगतज्ज्ञांकडे न्यावे का, आणि कोणत्या तपासण्यांविषयी विचारावे?

उत्तर (भुसावळ)
दादा, अवश्य न्यावे. मी अनेक वर्षे परिचारिका होते, म्हणून सांगते: ईसीजीच्या कागदावर साधारण दहा सेकंदांचीच नोंद असते, त्यामुळे आदल्या दिवशी येऊन गेलेला त्रास त्यात उमटत नाही. २४ ते ४८ तास अंगावर ठेवून ठोक्यांची सतत नोंद घेणारे होल्टर यंत्र, इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉईड आणि रक्तातील पोटॅशियम यांविषयी डॉक्टरांना विचारा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामावाटे क्षार जाऊनही ठोके बिघडू शकतात, तेव्हा आप्पांचे म्हणणे निराधार नाही. परंतु ते तपासूनच ठरवावे.
तोवर त्रास सुरू असतानाच मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि वेळ लिहून ठेवा. विश्रांतीत ६० ते १०० ठोके सामान्य मानतात. एखादा जादा ठोका निरोगी माणसालाही पडतो, पण ठोक्यांना तालच उरला नसेल तर एट्रियल फिब्रिलेशन या ठोके अनियमित करणाऱ्या हृदयविकाराची शंका घ्यावी लागते.

उत्तर (अमळनेर)
ताईंच्या म्हणण्याला माझा अनुभव जोडतो. आईची धडधड आम्ही वर्षभर पित्ताची समजत होतो. एके सकाळी कळण्याची भाकरी थापताना तिचा उजवा हात गळाला आणि जीभ अडखळली. ताई म्हणतात त्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात, तिथे साचलेल्या रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात होतो. त्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो, हे आम्हाला त्यानंतर कळले. रक्त पातळ करणारी गोळी मात्र कोणाच्या सांगण्यावरून सुरू करू नका. भोवळ, छातीत दुखणे, दम लागणे किंवा तोंड वाकडे होणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच क्षणी १०८ ला फोन करा.

प्रश्नकर्ता
आपली उत्तरे आप्पांना वाचून दाखवली. काल रात्री पुन्हा फडफड झाली तेव्हा नाडी मोजली: मिनिटाला ११८, आणि दोन ठोक्यांमधले अंतर एकदाही सारखे नव्हते. आम्ही आजच जळगावला निघत आहोत. नोंदवही सोबत घेतली आहे.