शब्दचर्चा: एक्झोडस्टर, शेअरक्रॉपर, होमस्टेड

प्रश्न: १८७९ साली अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी, लुइझियाना, टेनेसीतून हजारो कृष्णवर्णीय कॅन्ससला निघाले. त्यांना 'एक्झोडस्टर' म्हणत. अनुवादात मी 'निर्वासित' लिहिलंय. शेअरक्रॉपरला, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला, 'कूळ' आणि होमस्टेडला 'सरकारी मोफत जमीन'. चालेल?

– 'निर्वासित' नको. त्यांना कुणी हाकललं नव्हतं, उलट अडवलं होतं. मळेवाल्यांना मजूर हातचे जायला नको होते, म्हणून नदीकाठी बोटींची वाट बघत बसलेल्यांना कित्येक बोटवाले घेईनात. एक्झोडस हे बायबलमधलं, इस्राएल लोकांचं इजिप्तच्या गुलामीतून बाहेर पडणं. मराठी बायबलात 'निर्गम'. गावकरी, वारकरी तसा 'निर्गमकरी' करता येईल.

– अडवलं हे खरं, पण १८७७ला संघराज्याचं सैन्य दक्षिणेतून निघाल्यावर मतदानावरून मारहाण, खून होत होते. जिवाच्या भीतीने निघालेलेही होते. आणि 'निर्गमकरी' कारकुनी वाटतो, आवक-जावक रजिस्टरासारखा. 'एक्झोडस्टर'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'निर्गम'चा संदर्भ द्या.

– 'कूळ' मात्र नक्की काढा. आपल्याकडे कूळ म्हटलं की १९४८चा कायदा, सातबारा, हक्क हे सगळं डोळ्यासमोर येतं. शेअरक्रॉपरला असा कुठलाच हक्क नव्हता. 'अर्धेलीने कसणारा' किंवा 'बटाईदार' जवळचे. पण खरी मेख हिशेबात होती. खेचर, अवजारं, बी मालकाचं. निम्मा कापूस त्याचा. उरलेल्या निम्म्यातून दुकानातल्या वर्षभराच्या उधारीचं पीठ, डुकराचं मांस, कापड चढ्या दराने वळतं व्हायचं. वही मालकाकडे किंवा दुकानदाराकडे. वर्षाअखेरीस हाती काही नाही, वर बाकी पुढच्या सालात. याला 'पीकतारण' म्हणू नका. वाचकाला बाजार समितीची योजना आठवेल. 'उभ्या पिकावरची उधारी' म्हणा.

– होमस्टेड 'मोफत' नव्हतं. १८६२च्या कायद्याने १६० एकर मिळायचे, पण अर्ज, साधारण १८ डॉलर शुल्क, पाच वर्षं तिथेच राहणं, घर बांधणं, जमीन कसणं या अटी होत्या. 'वसून कसण्याच्या अटीवरची जमीन' लांबलचक आहे, पण बरोबर आहे. शुल्क हा त्यातला किरकोळ खर्च. नांगर, बैल, बी आणि पहिलं पीक येईपर्यंतचं धान्य कुठून आणायचं? कॅन्ससच्या पश्चिम भागातलं निकोडेमस बघा, १८७७ची वसाहत. केंटकीहून आलेली माणसं एलिस स्टेशनला उतरून पन्नासेक किलोमीटर चालत गेली. लाकूड नाही, म्हणून टेकाडाच्या उतारात खोदलेली घरं. नांगर थोडेच, त्यामुळे मुळांनी घट्ट विणलेली माती कुदळीने फोडायची. त्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी अन्न दिलं. जळणाला सूर्यफुलाचे दांडे आणि बायसनचं (अमेरिकी रानगव्याचं) वाळलेलं शेण. त्याला आपला 'रानशेणी' शब्द आहे, 'गोवऱ्या' नको, कारण त्या थापलेल्या असतात.

– 'वसाहतकार' सरसकट लावू नका. १८७९ला आलेल्या बहुतेकांचे पैसे वाटेतल्या सेंट लुइस शहरापर्यंतच पुरले. पुढचा प्रवास तिथल्या कृष्णवर्णीय चर्चांच्या मदतीने झाला. पूर्व कॅन्ससमधली चांगली जमीन विकत घ्यावी लागे, होमस्टेडची होती ती कोरड्या पश्चिमेला. म्हणून बरेच जण टोपेकासारख्या गावांत मजुरीला लागले. अशांना 'स्थलांतरित' पुरे.

– 'मुक्त गुलाम' दिसला तर तोही काढा. मुक्त झाला तो गुलाम कसला? 'गुलामगिरीतून सुटलेले' लिहा. जोतीरावांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्यांनाच अर्पण केलं होतं, त्यामुळे शब्द मराठीत त्याच दशकापासून या संदर्भात रुळलेला आहे.